एक पावसाळा जुनं मीठ

भाईंदरला आमचं घर खाडीच्या बाजूला होतं. मागच्या दारातून मिठागरांचे बांध दिसायचे. त्या अंगाची जमीन इतकी खारट की लावलेलं रोप दोन पानांवर येऊन मान टाकायचं. पण आमच्या परसातली विहीर गोड्या पाण्याची होती, म्हणून आळीतल्या बायका पाण्याला आमच्याकडे येत. घागर भरेपर्यंत त्यांचं बोलणं एकच: काय पेरलं, कशाला कीड लागली, कुणाच्या बरणीला बुरशी आली. त्या विहिरीवर जेवढं शिकवलं गेलं तेवढं मी शाळेत शिकले नाही. मात्र तिथे फुकट कुणी काही शिकवत नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. माहेर पुण्याचं. तिथे भाजी मंडईतून यायची आणि लोणचं मावशीकडून. पडवळ वेलाला लागतं एवढं ऐकून माहीत होतं. त्याच्या टोकाला दगड बांधला नाही तर ते वेटोळी घालत वाढतं आणि चिरताना बाईच्या नाकी नऊ येतात, हे इथे येऊन समजलं.

शिकवलं ते थोरल्या जावेने. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा, माझा थोरला दीर, त्यांच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, मी या घरात यायच्या आधीच, तापाने गेला. मूल नव्हतं. तिचा भाऊ घोडबंदरहून तिला न्यायला आला होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे इथेच. परसू कोण बघणार?" हे वाक्य मला सासूबाईंनी स्वतः सांगितलं, विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं, आणि सांगणाऱ्या प्रत्येकीला त्यात सासूबाईंचा मोठेपणा दिसत होता. जाऊबाईंना त्यात काय दिसत असेल ते मी विचारलं नाही. खरं तर सरळ होतं. परसू आणि बरण्या यांच्यावर त्यांचं त्या घरातलं राहणं अवलंबून होतं. भावाच्या घरी जायला त्यांचं मन नव्हतं आणि भावालाही त्या नको होत्या. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही असायला हवं होतं.

जाऊबाई लिहिणं-वाचणं शिकल्या नव्हत्या, पण वर्षभराचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मृगात मिरची लावायची नाही. उन्हाळ्यात वर चढलेलं मीठ आधी पावसाने धुऊन जाऊ द्यायचं, आर्द्रा संपल्या की रोपं खाली उतरवायची. न खपलेली बारीक मासळी कोळिणीकडून घेऊन आळ्यात पुरायची, पण बुंध्यापासून हातभर लांब, नाहीतर मुळं जळतात आणि मांजरं आळं उकरतात. दुधीचं बी पहिल्या फळाचं. ते फळ वेलावरच वाळू द्यायचं, ओळखू यावं म्हणून त्याला चिंधी बांधायची. एकदा माझ्या नवऱ्याने चिंधीचा दुधी तोडून आणला, तर जाऊबाईंनी त्याचा असा उद्धार केला की तो दोन दिवस परसाकडे फिरकला नाही. वाल राखेत घोळून ठेवायचे. कांद्याच्या माळा वाऱ्यावर, धुरावर नाही. कोहळ्याचे सांडगे थंडीतच उरकायचे, कारण नंतर खाडीवरचा वारा ओला होतो आणि सांडगा वरून वाळतो, आतून आंबतो.

बायका त्यांना विचारायला यायच्या आणि त्या सांगायच्या. पण एक गोष्ट हमखास राहायची. समोरच्या घरच्या बाईला त्यांनी पडवळाचं बी दिलं, आळं किती खोल, खत किती, मांडव किती उंच, सगळं सांगितलं. श्रावणात ती बाई हातभर वाकडं पडवळ घेऊन आली.

"अगो, दगड नाही बांधलास?" जाऊबाई म्हणाल्या. जणू जगात तो न बांधणारी ही पहिलीच.

"तुम्ही कुठे सांगितलंत?"

"ते काय सांगायचं? ते कळतंच की."

आमच्याकडे मासळी घालणारी कोळीण तिथे टोपली टेकून बसलेली असायची. ती मला म्हणाली, "बाय, तुजी जाव सगला सांगल, पन एक गोस्ट पदरान बांधून ठेवल. आमचे म्हतारीला पन तीच खोड हाय. म्हतारी बोंबील वालवायचा सगला शिकवतं, पन वारा कंचा ते सांगत न्हाय."

मी हसले. मला तो मानाचा सोस वाटला. बायकांनी पुन्हा पुन्हा यावं, विचारावं, त्यासाठी केलेला. आणि मी घरची होते. माझ्यापासून त्या काय लपवणार?

युद्ध सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली, रंगूनचा तांदूळ बंद झाला आणि घराघरात जेवण आखडलं. आमच्याकडे दोन वेळा भात होता, पण त्याला लावून खायला काही असेल तरच तो घशाखाली उतरायचा. कण्या, खडे आणि कुबट वास. भाजी परसातली, पण जमिनीवर मीठ चढल्यापासून नवे वेल धरेपर्यंत चार महिने ती पण नसे. तेव्हा लोणचं हे तोंडीलावणं राहिलं नाही, तेच कालवण झालं. आठ बरण्या लोणचं म्हणजे पावसाळ्याची बेगमी. त्याच वर्षी, ऐन वैशाखात, जाऊबाईंची आई वारली आणि त्यांना घोडबंदरला जावं लागलं. कैऱ्या कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत. सासूबाई मला म्हणाल्या, "आठ वर्षं बघतेयस. घाल तू."

होडी भरतीबरोबर सुटायची होती. जाऊबाई धक्क्याकडे चालता चालता मला सांगत होत्या. कैरी झाडावरून उतरवलेली, पडलेली नको. बाठ धरलेली हवी. धुऊन सावलीत सुकव, उन्हात नको. बरणीला हिंगाची धुरी दे. हळद-मीठ लावून एक दिवस ठेव, सुटलेलं पाणी काढून टाक. तेल तापवून पुरतं गार कर, बोट घालून बघ. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा घट्ट बांध.

"मीठ किती?" मी विचारलं.

त्यांनी माप सांगितलं.

"कुठलं?"

"घरचंच घे की," त्या म्हणाल्या आणि होडीत चढल्या.

घरात मीठ दोन ठिकाणी होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मिठागरावर मुकादम होते. दर उन्हाळ्यात ते मिठाची गोण आणायचे. यंदाची गोण नुकतीच आली होती. पांढरंशुभ्र, कोरडं, खडा वाजेल असं मीठ. दुसरं पडवीत टांगलेल्या हाऱ्यात, बांबूच्या मोठ्या टोपलीत होतं, गेल्या वर्षीचं. ते मळकट, ओलसर, ढेपाळलेलं. पावसाळाभर हाऱ्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी गळायचं आणि खाली ठेवलेल्या मडक्यात साचायचं. जाऊबाई ते मडकं नेऊन लांब ओतून यायच्या. मला ते मीठ वाया गेलेलं वाटायचं. दरवर्षी लोणच्याला मीठ कुटायचं काम जाऊबाई दुपारी सगळे झोपले की एकट्या करायच्या, आणि माझ्यासमोर यायचं ते कुटलेलं. ते कुठून काढलं हे मी पाहिलंच नव्हतं.

मी गोणीतलं घेतलं. दुसरी कुठलीही शहाणी बाई तेच घेती.

आठ बरण्या घातल्या. दिसायला अशा सुरेख की सासूबाईंनी समोरच्या बाईला बोलावून दाखवल्या. महिनाभराने पहिली उघडली. तेलावर पाणी चढलेलं, फोडी मऊ पडलेल्या, आणि चव जिभेच्या मागच्या बाजूला कडू. नुसती कडू नव्हे, तोंड धुतलं तरी न जाणारी.

"हे लोणचं आहे का काढा?" सासूबाई म्हणाल्या.

माझा नवरा म्हणाला, "बरंच झालं. हिवताप येणार नाही यंदा."

मामंजींनी फोड ताटाच्या कडेला सारली आणि ताकात भात कालवला. दुसरी बरणी उघडली, तिसरी उघडली. आठही तशाच. बाहेर लोक कण्यांसाठी रांगेत उभे असताना मी आठ बरण्या कैऱ्या, तेल आणि मोहरी नासवली होती. सासूबाई फेकू देईनात. रोज ताटात एक फोड वाढायच्या, मला वाढताना दोन.

आषाढात जाऊबाई परतल्या. सकाळची वेळ होती, विहिरीवर चार-पाच बायका होत्या, कोळीण होती. सासूबाईंनी बरणीच बाहेर आणली. जाऊबाईंनी बोटाने खार चाटून पाहिला आणि लगेच म्हणाल्या, "नवं मीठ घातलंस."

"घरचं घे म्हणालात ना?"

"घरचं म्हणजे हाऱ्यातलं. मिठाला एक पावसाळा जावा लागतो, त्याचं कडू पाणी गळून जावं लागतं. नवं मीठ लोणच्याला चालतं का कधी?"

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं. कुठलं मीठ म्हणून विचारलं."

त्यांनी बोट पदराला पुसलं. तेवढ्यात कोळीण खदखदून हसली. "बगा गो बगा, पदरान र्‍हायली गोस्ट!" आणि सगळ्या बायका हसल्या. मीठ न कळलेल्या पुण्याच्या सुनेला हसल्या, असं मला वाटलं. महिनाभर ताटात दोन-दोन फोडी गिळून माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

मी म्हणाले, "आठ वर्षं आपण एका घरात आहोत, माझी मुलं तुमच्या मांडीवर वाढली. आणि तुम्हाला मला मीठ सांगवलं नाही. घरच्यांनी अर्धपोटी उठलेलं तुम्हाला चाललं, पण मला लोणचं आलेलं चाललं नसतं."

हे मी हळू बोलले नाही. सासूबाई दारातच होत्या.

"थोरली, जाणून सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई बरणीचा दादरा पुन्हा बांधायला लागल्या. एका बाईचा पोहरा विहिरीत लोंबकळत होता, तो ओढायचंही ती विसरली.

"उद्यापासून हिला एकूण एक सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "हिला लिहिता येतं. लिहून घेऊ दे. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर घराने काय करायचं?"

मामंजींची सगळी उमर मिठागरावर गेली. नवं मीठ कडवट असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याने पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, "अलबत. म्हणून तर आम्ही रास पावसाळाभर झाकून ठेवतो." पण स्वयंपाकघरात बोलायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी फोड बाजूला सारली आणि ताक मागितलं. त्यांना कुणी जाब विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की आम्ही पडवीत बसायचो. मी मुलाची कोरी वही घेतली होती. वाटलं होतं, जाऊबाई हातचं राखून सांगतील, अर्धवट सांगतील. तसं झालं नाही. त्यांनी ट्रंक उलटी करावी तसं सगळं काढलं. मी विचारलेलं, न विचारलेलं, मला कधी सुचलंही नसतं असं. मिठाचा हारा कुठल्या बाजूला टांगायचा, गळलेलं पाणी वेलाला किंवा गुराला का द्यायचं नाही, दसऱ्यानंतर ते मीठ कधी हाताळायला घ्यायचं. आमसुलांना पुटं किती द्यायची. मिरची खुडताना देठ ठेवायचा. बी घ्यायची काकडी कुठल्या पंधरवड्यातली. सांडग्याच्या पिठात कोहळा किसायचा की चिरायचा, आणि पिळून निघालेल्या पाण्याचं काय करायचं. मी भराभरा लिहीत होते. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते. एकेक पान भरलं की घरात माझे पाय आणखी घट्ट रोवले जाताहेत असं वाटायचं.

एका दुपारी मी विचारलं, "इतकं सोपं होतं सगळं. मग लपवत का होतात?"

त्या चिंच निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्याजवळ काय काय आहे?"

"म्हणजे?"

"नवरा आहे. दोन पोरं आहेत. भावाचं पत्र येतं. माझ्याजवळ हे होतं. आता ते तुझ्या वहीत आहे." आणि मग म्हणाल्या, "लिही पुढे. चिंच."

मी 'चिंच' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. खरंच ओढली.

पुढल्या वैशाखात लोणचं मी घातलं. जाऊबाई घरात होत्या, पण सासूबाईंनी त्यांना कैऱ्या चिरायला बसवलं आणि बाकीचं माझ्यावर सोपवलं. मीठ हाऱ्यातलं, मी कुटलेलं. ज्येष्ठाच्या अखेरीस बरणी उघडली. फोड कुरकुरीत, खार लालबुंद. सासूबाईंनी विहिरीवरच्या बायकांना वाटीवाटी वाटलं. "धाकटीचं आहे," असं प्रत्येकीला सांगत.

त्याच पावसाळ्यात मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी मिठागर सोडलं. ते दिवसभर ओटीवर बसायला लागले, आणि घरात आतापर्यंत कधी न दिसलेल्या गोष्टी त्यांना दिसायला लागल्या. डोळे गेलेल्या माणसाला त्या बऱ्या दिसतात. एक दिवस मी आत ताक घुसळत होते, तेव्हा बाहेरचं बोलणं कानावर आलं.

"घोडबंदरहून थोरलीच्या भावाचा निरोप आहे," मामंजी म्हणाले. "त्याच्या बायकोला दिवस गेलेत. घरात बाईमाणूस हवं आहे. पाठवू थोरलीला."

"आणि परसू?" सासूबाईंनी विचारलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विचारलं होतं तेच.

"धाकटीला सगळं येतं की. लिहिलेलंसुद्धा आहे."

माझा नवरा तिथेच होता. तो म्हणाला, "वहिनींना विचारावं तरी." त्यावर मामंजी म्हणाले, "तिला काय विचारायचं? भावाकडेच तर जायचंय."

मी रवी थांबवली होती. बाहेर येऊन "मला येत नाही" असं म्हणायला माझ्याजवळ अर्धा क्षण होता. पण मागे फळीवर आठ बरण्या उभ्या होत्या, त्या माझी साक्ष काढत होत्या. आणि आणखी एक खरं सांगायचं तर, "धाकटीला सगळं येतं" हे कानावर पडलं तेव्हा, त्याच्या आगेमागे काय आहे ते कळायच्या आधी, मला आनंद झाला होता. तो फार वेळ टिकला नाही. पण झाला होता.

जाऊबाई चौथ्या दिवशी गेल्या. एक ट्रंक, एक वळकटी. बी-बियाणं काही घेतलं नाही. सासूबाईंना जरा लाज वाटली असावी, कारण त्यांनी लोणच्याची एक बरणी फडक्यात बांधून ओटीवर आणून ठेवली. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे. तिथे मी घालीन." आणि ती तिथेच ठेवून निघाल्या. मी धक्क्यापर्यंत गेले नाही. चुलीवर भात होता.

मला वाटलं होतं, त्यांच्यामागे परसू बसेल. निदान पडवळ तरी येणार नाही, मिरचीवर पानं मुरडणारा बोकड्या पडेल, काहीतरी होईल आणि त्यांना बोलावून घ्यावं लागेल. काही झालं नाही. वहीत लिहिलं होतं तसं केलं आणि सगळं आलं. उलट त्या वर्षी वाल इतके आले की ठेवायला राख पुरेना. बायका पाण्याला येत राहिल्या आणि आता मला विचारू लागल्या. मी सगळ्यांना सगळं सांगायची, मिठासकट. कोळीण एकदा मासळी निवडता निवडता म्हणाली, "तू सगला वाटून टाकतंस गो. उंद्या तुजी सून आल्यावं तुज्याकरं काय र्‍हाल?"

"मला नवरा आहे," मी म्हणाले.

"तुजे जावंला पन व्हता," ती म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली.

दीड-दोन वर्षांनी सासूबाई आजारी पडल्या. लांबलेला ताप, तोंडाला चव नाही. मी केलेले कोहळ्याचे सांडगे तळून दिले, तर त्यांनी एक चघळला आणि थुंकला. "थोरलीच्या हातचे आण," म्हणाल्या. ते सांडगे जाऊबाईंनीच सांगितल्याप्रमाणे, अगदी त्याच मापाने केलेले होते. पण तापातल्या माणसाशी कोण भांडणार? मी सकाळच्या भरतीला होडीत बसून घोडबंदरला गेले.

भावाचं घर चढावर होतं. मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे मांडव, मांडवावर दुधी आणि एका दुधीला चिंधी. अंगणात भावाची बायको मूल कडेवर घेऊन उभी होती. तरुण, चटपटीत, बोलकी. मी कोण ते कळल्यावर तिने मला पाणी दिलं, आणि मी पेला खाली ठेवायच्या आत तिची गाऱ्हाणी सुरू झाली.

"वन्सं काही म्हणजे काही सांगत नाहीत हो. लोणचं घालायला बसल्या की आतून कडी. सांडगे घालतात ते पहाटे, मी उठायच्या आत. विचारलं तर म्हणतात, तुला पोर सांभाळायचंय, तू ते बघ. असं कुठे असतं का, ताई? घर माझं ना?"

मी पेला खाली ठेवला.

"मी ह्यांना म्हटलं, एकदा मला येऊ दे सगळं, मग बघू. दोन खोल्यांत किती माणसं राहायची?" तिने आवाज जरा खाली आणला. "तुमच्याकडे म्हणे वही आहे. सगळं लिहिलेलं. तुमच्या मामंजींनीच ह्यांना सांगितलं होतं. मला चार दिवस द्याल का? मला लिहिता येतं, मी उतरून घेईन."

आतलं दार अर्धं उघडं होतं. त्याच्यामागे सुपाचा आवाज येत होता, तो थांबला.

"वही होती," मी म्हणाले. "वाळवीने खाल्ली."

"अगो बाई! सगळी?"

"सगळी. आणि खरं सांगू का, वहीतलं बघून काही येत नाही. मी दोन वर्षं करून पाहिलं. लोणचं कडू होतं. पडवळं वाकडी. मिरची तर लागतच नाही. आमचं परसू ओस पडलंय. आता सासूबाईंना सांडगे हवेत, तर बघा, मला होडीतून इथवर यावं लागलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मठ्ठ मुलीकडे मास्तरीण पाहते. मला ते बोचलं. भाईंदरच्या आळीत माझ्या परसाला नावं ठेवणारं कुणी नव्हतं, आणि इथे मी स्वतःच्या तोंडाने ते मातीत घालत होते.

"म्हणजे शिकवूनसुद्धा येत नाही?" ती म्हणाली.

"नाही येत. त्यांचा हातच लागतो."

जाऊबाई बाहेर आल्या. वाळल्या होत्या. केस अर्धे पांढरे झाले होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही, सासूबाईंचं कसं आहे तेही विचारलं नाही. हातात सांडग्यांचा डबा होता. सासूबाईंचा निरोप त्यांनी आतूनच ऐकला असावा.

"ऐकलंत का, वन्सं?" भावाची बायको म्हणाली. "तुमच्यावाचून अडलंय त्यांचं."

"अडेलच," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि माझ्याबरोबर अंगणाच्या कडेपर्यंत आल्या. तिथे मला वाटलं, काहीतरी बोलतील. चांगलं नाही तर वाईट, पण माझ्यापुरतं. त्या वळल्या, आणि दारातल्या भावजयीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "तेल चांगलं तापलं की मगच टाक. एकदम मूठभर नको, एकेक सोड. लक्षात राहील ना? की दर वेळेला मीच सांगायचं?"

सात-आठ वर्षांच्या मुलीला माहीत असतं ते.

"राहील," मी म्हणाले. "एकेक सोडायचा."

"ओहोटी लागेल आता. नीघ."

मी उतारावरून खाली आले. ओहोटी लागून होडी सुटायला अजून बराच वेळ होता. धक्क्यावर सावली नव्हती. मी डबा पदराखाली धरून उन्हात बसून राहिले.